चार बोटांची फट

जरा पाय जपून ठेवा. भुशाच्या ढिगाशेजारी जे मातीचं ढेकूळ दिसतंय ना, ते ढेकूळ नाही. ती मी आहे. मी भेक बोलतेय.

बेडूक नव्हे, भेक. तुम्हाला आम्ही सगळे सारखेच दिसतो, त्यात तुमचा दोष नाही. बेडकाची कातडी ओली आणि गुळगुळीत. माझी कोरडी आणि अंगभर गाठी. बेडूक लांब लांब उड्या मारतो. मी चार पावलं चालते, एक छोटीशी उडी मारते आणि मग विचार करत बसते. शिवाय मी मादी आहे. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण या कारखान्यात सगळ्यांनी मला इतकी वर्षं 'पैलवान' म्हणून हाक मारली. आणि तुमच्यात तो एक कूपमंडूक नावाचा शब्द आहे, तोही कृपा करून माझ्यासाठी वापरू नका. विहिरीत मी उभ्या जन्मात राहिलेली नाही.

माझा जन्म या सुतारकामाच्या कारखान्यामागच्या हौदात झाला. जमिनीच्या पातळीला बांधलेला उथळ दगडी हौद. कारखान्याचे मालक मिस्त्री, त्यांचे वडील होते तेव्हा लाकडाला कीड लागू नये म्हणून त्यात फळ्या भिजत घालायचे. पुढे फळ्या तयार होऊनच यायला लागल्या आणि हौद तसाच पडून राहिला. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून त्यात उतरतं. एका बाजूला उतार आहे, तिथून आम्ही आतबाहेर करतो. आईने मला सोडलं ते काळ्या मण्यांच्या लांबलचक माळेतला एक मणी म्हणून. आई मला आठवत नाही. आठवतं ते पाण्यावर पडलेलं फुलांचं छप्पर, आणि त्याच्याखाली शेपटी हलवत लपलेली आम्ही भावंडं.

ती फुलं शिरीषाची. शिरीष हौदाच्या काठाशी उभा आहे आणि माझी गोष्ट त्याच्याशिवाय सांगता येणार नाही. सांगायचीही नाही मला. तो शेंगांच्या घराण्यातला. तुमच्या स्वयंपाकघरातला वाटाणा, घेवडा हे त्याचे चुलत भाऊ. पण ते राहिले वेलीवर लोंबकळत आणि हा गेला पत्र्याच्याही वर. तो फुलला की रस्त्याने जाणारी माणसं थांबतात. हिरवट पांढरी फुलं, रेशमी धाग्यांचे गोंडे बांधावेत तशी. संध्याकाळी त्यांचा वास खाली उतरतो तेव्हा मिस्त्रींची सूनबाई हातातला पॉलिशचा बोळा ठेवून मागच्या दारात येऊन उभी राहते. "आता कुठे नाक धुतल्यासारखं वाटतंय," म्हणते.

मला बघून आजवर जे थांबले ते किंचाळायला थांबले. त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही, कारण शिरीषापुढे मीसुद्धा थांबते.

पण लोकांना त्याची फुलं माहीत आहेत आणि मला त्याची मुळं. ऊन तापलं की मी मागच्या पायांनी उकरत, उलटी, त्याच्या दोन थोरल्या मुळांमधल्या मातीत शिरते. दोन दोन, तीन तीन महिने तिथेच मुक्काम. तिथे त्याच्या बारीक मुळांना मोहरीएवढ्या गाठी असतात आणि त्या गाठींतून तो गुपचूप मातीला खाऊ घालत असतो. वर कोणाला पत्ताही नसतो. त्याला गाठी आणि मलाही गाठी. फरक इतकाच की त्याच्या गाठींत खत आणि माझ्या गाठींत विष. शेजारच्या कुत्र्याने एकदा मला तोंडात धरलं आणि तिथल्या तिथे थुंकलं. बिचारं दिवसभर फेस गाळत होतं. मातीखाली पडल्या पडल्या मला किती वेळा वाटलंय, की असं दुसऱ्याचं पोट भरणारं अंग आपल्याला का नाही मिळालं!

आणि त्याच्या शेंगा. पानं झडून गेली तरी त्या झाडावरच राहतात आणि वाऱ्याने खुळखुळतात. मिस्त्री म्हणतात, "या झाडाला गप्प बसवत नाही." एका शेंगेत आठदहा बिया आणि अशा हजारो शेंगा. माझी अंडीही हजारोंनीच. दोघांच्याही पोरांतलं हजारात एखादं जगलं तर जगलं. इतकी पोरं वाया जाताना बघूनही तो दर वर्षी तेवढ्याच उमेदीने फुलतो. मला तर दर वेळी धीर गोळा करावा लागतो.

आता मिस्त्रींबद्दल. अंगाने काटकुळे, कानामागे पेन्सिल. ती पेन्सिल आंघोळीच्या वेळीसुद्धा तिथेच राहत असावी. त्यांच्या वडिलांची एक पद्धत होती. दोन लाकडांचा जोड बसवला की ते डोक्यावरचा एक केस उपटून त्या जोडात सारून बघायचे. केस गेला की जोड खोलायचा आणि पुन्हा करायचा. मिस्त्रींनी ती पद्धत सोडली नाही. आता त्यांच्या डोक्यावर उपटण्याजोगं काही उरलेलं नाही, म्हणून ते सूनबाईकडे मागतात.

"बाबा, तुमच्या जोडांपायी मला टक्कल पडेल एक दिवस," ती म्हणते आणि तरी एक केस देते.

मी त्यांच्या बाकाखाली बसून हे सगळं पाहत आलेय. रंध्यातून निघणाऱ्या ढलप्या माझ्या अंगावर पडायच्या. आजपर्यंत मिस्त्रींच्या जोडातून केस गेलेला मी पाहिला नाही. असा हात मी दुसऱ्या कोणाचा पाहिला नाही. खरं तर मी दुसरा कोणी सुतारच पाहिला नाही, पण तरी सांगते.

मग बेडूकबाई आली. हे नाव सूनबाईने ठेवलं. ही बाई ठिकठिकाणी फिरून आमच्यासारख्यांची नोंद ठेवते. गुडघ्यापर्यंत बूट, गळ्यात भिंग, आणि खुशाल चिखलात पालथी पडून बघायची सवय. मिस्त्रींना आधी वाटलं, झाड बघायला आलीय.

"बाई, झाड वर आहे," ते म्हणाले.

"मी यांच्यासाठी आलेय," ती म्हणाली आणि तिने आमच्यातल्या एका नराला अलगद तळहातावर घेतलं.

"यात काय बघायचं?"

"मिस्त्री, तुमचा शिरीष अर्ध्या जगात आहे. बी टाकली की उगवतो. ही भेकाची जात मात्र या एवढ्याशा भागातच होती. चार डबकी होती, त्यातली तीन बुजली. उरला तुमचा हौद. इथून गेले की गेलेच."

मिस्त्रींना राग आला. त्यांच्या झाडाला कोणी उणं बोललेलं त्यांना खपत नाही.

"म्हणजे माझ्या झाडापेक्षा हा थोर झाला?"

"थोर-लहान नाही हो. झाड पडलं तर मी तुम्हाला दुसरं रोप आणून देईन. हा गेला तर कुठून आणू?"

मिस्त्रींनी मान डोलावली. मी बाकाखालून ऐकत होते आणि मला मात्र ते बोलणं आवडलं नाही. आम्ही थोडे उरलो यात आमचं काय कर्तृत्व? डबकी बुजली आणि आम्ही संपत आलो, एवढंच. जिथे टाकाल तिथे उगवायचं, रस्त्याच्या धुरातही फुलायचं, वाईट माती मिळाली तर ती सुधारून ठेवायची, याला मी कर्तृत्व म्हणते. तिच्या तराजूत मी जड भरले असेन, पण माझ्या तराजूत शिरीषच जड आहे.

तरी त्या दिवसापासून मिस्त्री आमच्याकडे वाकून बघायला लागले. एका संध्याकाळी दिव्याभोवती वाळवीचे पंख फुटलेले किडे जमले होते. मी एकेक टिपत होते. मिस्त्री चहाचा कप हातात धरून बघत राहिले. चहा निवला.

"सूनबाई," ते म्हणाले, "आपल्या लाकडाला वाळवी लागत नाही म्हणून मी इतकी वर्षं मिशीला पीळ देत होतो. ते काम हा पैलवान करत होता."

बेडूकबाई जाताना म्हणाली होती, "हौदाभोवती कुंपण घालता आलं तर बघा. मांजरं फार आहेत. आणि टेम्पो मागे घेताना चाक उतारावर येतं." ती आली त्याच दिवसांत टेम्पोखाली आमच्यातला एक गेला होता, ते तिने पाहिलं होतं.

कुंपण! मिस्त्रींना आणखी काय हवं होतं? गिऱ्हाइकाचं कपाट बाजूला ठेवून ते कामाला लागले. मी तेव्हा मुळांमध्ये झोपायला गेले होते. वरून ठोकल्याचा आवाज येत होता आणि मला बरं वाटत होतं. आपल्यासाठी कोणी खपतंय, हे ऐकत झोपणं काही वेगळंच असतं.

कुंपण कसं झालं ते मी नंतर पाहिलं. सागवानी फळ्या, एकीत एक गुंतवलेल्या. मांजराला नखं रुतवता येऊ नयेत म्हणून बाहेरून गुळगुळीत पॉलिश. खालून कुजू नये म्हणून वीतभर खोल, विटांवर बसवलेल्या. बेडूकबाईसाठी कडीचं दार. झाड कुंपणात कोंडायचं नाही म्हणून कुंपण हौद आणि शिरीष यांच्या मधून नेलं होतं, आणि तिथली फळी तर काय सांगू! शिरीषाचं मूळ जिथे फुगलंय तिथे फळी आत वळलेली, मूळ जिथे दबलंय तिथे बाहेर आलेली. मुळाची प्रत्येक वळी त्यांनी पेन्सिलने फळीवर उतरवून पटाशीने कोरली होती. लोक ती फळी बघायला यायचे म्हणे. सूनबाईचे सात केस त्या कुंपणात खर्ची पडले आणि एकही आत गेला नाही.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला मात्र डोकं आपटावं लागलं.

शिरीष फुलला होता. एक सर येऊन गेली, माती मऊ झाली आणि फुलांचा वास खालपर्यंत आला. आमचं कॅलेंडर तेच. संध्याकाळी मी वर आले. पोट अंड्यांनी इतकं भरलं होतं की पाय टाकताना जमिनीला घासत होतं. दोन मुळांमधून माझी नेहमीची वाट. आईही त्याच वाटेने गेली असणार. दहा पावलं चालले आणि लाकूड लागलं.

मी उजवीकडे गेले. लाकूड. डावीकडे गेले. चारी बाजूंनी फिरले. पाण्याचा वास येत होता आणि पाणी नव्हतं. मागच्या पायांनी उकरलं, तर फळी खाली गेलेलीच. चढायला जावं तर पाय घसरायचे. गंमत बघा, त्या अवस्थेतही माझ्या मनात आलं, काय जोड केलाय या माणसाने!

आम्ही सहा जण जमलो होतो. तीन नर हौदाकडे तोंड करून ओरडत राहिले. दुसऱ्या संध्याकाळी बाकीच्या दोघी मादींना राहवलं नाही. टेम्पोच्या चाकाने पडलेल्या चरात बोटभर पाणी साठलं होतं, तिथे त्यांनी माळा सोडल्या. त्याच्या पुढच्या दिवशी ऊन पडलं. दुपारी काळे मणी चिखलाला चिकटले होते आणि त्यांच्यावर मुंग्या लागल्या होत्या.

मी ते पाहिलं आणि कुंपणापाशी परत येऊन बसले. शहाणपणाने नाही, हट्टाने. पण पोटाला हट्ट कळत नाही. अजून एक रात्र मी धरून ठेवू शकले असते, त्यापुढे नाही. आम्ही उरलो होतो थोडे, आणि या वर्षीची पोरं म्हणाल तर आता फक्त माझ्या पोटात होती.

पुढच्या सकाळी सूनबाई ब्रश धुवायला मागच्या नळावर आली. तिने आधी चर पाहिला. मग आम्हाला पाहिलं, कुंपणाला नाकं लावून रांगेत बसलेले.

"बाबा! जरा बाहेर या."

मिस्त्री आले.

"हे आत का जात नाहीत?" ती म्हणाली.

"जातील की. दार ठेवलंय ना."

"बाबा, त्यांना कडी काढता येत नाही."

मिस्त्रींचा चेहरा मी विसरणार नाही. कौतुकाने दागिना घडवावा आणि तोच गळ्यात रुतावा, तसं काहीसं झालं त्यांचं. ते चराशी जाऊन उकिडवे बसले. वाळलेल्या माळेला बोट लावून पाहिलं.

सूनबाईने बेडूकबाईला फोन लावला आणि आवाज मोठा करून तो मिस्त्रींपुढे धरला.

"बाई, तुम्ही आधी का नाही सांगितलंत, खाली जागा ठेवा म्हणून?"

"अहो मिस्त्री, कुंपणाला फटी असतातच की!"

"माझ्या नसतात," मिस्त्री म्हणाले. पहिल्यांदाच हे वाक्य त्यांनी मान खाली घालून म्हटलं.

बाईने सांगितलं की हाताने उचलून आत टाकू नका, घाबरतील आणि पोटातलं कुठेही सोडून देतील. दार सताड उघडं ठेवलं तर मांजर आत जाणार. आणि महिन्याभराने डाळीच्या दाण्याएवढी पिल्लं हजारोंनी बाहेर पडणार, त्यांना कोण उचलणार? ज्या वाटेने ते येतात, तीच वाट मोकळी करा.

"मग त्या कोपऱ्यातली फळी कापतो," मिस्त्री म्हणाले. "तिला फारसं काम नाही."

सूनबाईने फक्त बोट दाखवलं. दोन मुळांच्या मधोमध माती गुळगुळीत झाली होती, पोटांनी घासून घासून. माझ्या आणि माझ्या आईच्या आणि तिच्याही आईच्या. ती वाट सरळ त्या कोरलेल्या फळीला जाऊन भिडत होती.

मिस्त्रींनी फळीवरून एकदा हात फिरवला. मग कानामागची पेन्सिल काढली.

"पैलवान, हलू नका," ते मला म्हणाले आणि त्यांनी मोजपट्टी माझ्याशेजारी जमिनीवर ठेवली. रुंदी घेतली, उंची घेतली. पोटाची फुगी जमेस धरून चार बोटं. फळीवर रेघ मारली. करवत लावली आणि थांबले. शिरीषाचं एक फूल त्यांच्या टकलावर पडलं, तेही त्यांनी झटकलं नाही.

मग करवत चालली. इतक्या वर्षांत ऐकलेल्या सगळ्या आवाजांत मला तो आवाज सगळ्यात प्रिय आहे. तुकडा सुटला तरी ते उठले नाहीत. माझ्या पोटाला लागू नये म्हणून त्यांनी कडा घासल्या, गोल केल्या, आणि बोट फिरवून पाहिलं. सूनबाईने तेवढ्यात डोक्यावरचा एक केस उपटला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या बाबा. बघा जातो का."

मिस्त्री हसायला लागले. हसता हसता त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि म्हणाले की भुसा गेला.

मी संध्याकाळपर्यंत थांबले नाही. भर दिवसा, दोघांच्या देखत, मी त्या फटीतून आत गेले आणि माझ्यामागोमाग एक नर. पाणी गार होतं. शिरीषाची एक जुनी शेंग पाण्यात अर्धी बुडून पडली होती. मी माझी माळ तिच्याभोवती गुंडाळली, एकदा, दोनदा, कितीतरी वेढे. सूनबाई कुंपणावरून वाकून बघत होती.

"अहो बाबा, पैलवान बाळंतीण आहे!"

मिस्त्री धावत आले. पाण्यातल्या माळेकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि नकळत त्यांचे दोन्ही हात जुळले. "माई," म्हणाले, "चुकलो हो."

त्या वर्षी डाळीच्या दाण्याएवढी पिल्लं त्याच फटीतून बाहेर पडली. पाच दिवस मिस्त्रींनी मागची यंत्रं बंद ठेवली आणि टेम्पो रस्त्यावरच उभा करायला लावला. गिऱ्हाईक कपाटासाठी ओरडत होतं, तर त्याला म्हणाले, "घरात पाव्हणी आहे, तिची पोरं वाटेत आहेत." किती जगतील, ते शिरीषालाही सांगता येत नाही आणि मलाही. पण त्या पावसाळ्याच्या शेवटी मी त्याच्या मुळाशी नखाएवढं एक पिल्लू पाहिलं, उलटं उकरत मातीत शिरताना. कोणी शिकवलं नव्हतं. त्याच्याशेजारी शिरीषाच्या पडलेल्या बीतून दोन पानांचं रोप वर आलं होतं. दोघांना एकत्र बघून मी जरा जास्तच वेळ विचार करत बसले.

आता मी म्हातारी झालेय. जिभेचा नेम चुकतो, किडा टिपायला दोनदा प्रयत्न करावा लागतो. ऊन वाढायला लागलंय आणि मातीत जायची वेळ झाली. या खेपेला वर येईन की नाही, सांगता येत नाही. नाही आले तर शिरीष माझं जे काय उरेल ते मुळांनी ओढून घेईल आणि वर फुलांत पाठवील. तेवढं तरी माझं अंग कोणाच्या उपयोगी पडेल.

अजूनही लोक कुंपण बघायला येतात. मिस्त्री त्यांना जोड दाखवत नाहीत. हाताला धरून थेट मुळाशी नेतात आणि उकिडवे बसायला लावतात. लोक फटीतून आत बघतात आणि विचारतात, "मिस्त्री, तुमच्या कामात हे भोक कसं राहिलं?"

"राहिलं नाही," मिस्त्री म्हणतात. "ठेवलंय."

तुम्हीही कुंपणं घाला हो, जरूर घाला, आणि चांगली घट्ट घाला. फक्त पेन्सिल काढण्याआधी एकदा खाली बसून बघा, मातीत कोणाची वाट उमटलीय का. असेल, तर चार बोटं सोडा.